सूर्याचा पीळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी आपली म्हण. सूर्याच्या घरी मात्र न्याय उलटा. तेथे जळतो तो पीळच!

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला. पण त्यावरचे विरळ प्रभामंडल १० लाख अंशांच्याही वर. चुलीपासून दूर सरावे आणि चटका वाढावा, तसेच हे! या प्रभामंडलात चुंबकीय रेषांच्या प्रचंड कमानी उभ्या असतात. त्यांची टोके खालच्या उकळत्या वायूत रुतलेली. वायू घुसळतो, टोके फिरतात आणि कमानींना पीळ बसत जातो. तो अति झाला, की रेषा तुटून नव्याने जुळतात व पिळात साठलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. अशा असंख्य बारीक स्फोटांनीच प्रभामंडल तापत असावे, असे युजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये सुचविले.

आणि मोठा पीळ सुटला, तर? मार्च १९८९ मध्ये सूर्यावरून उसळलेल्या लोटाने पृथ्वीच्या चुंबकत्वाला हादरा दिला आणि कॅनडातील क्वेबेक प्रांतात ६० लाख माणसे सुमारे ९ तास विजेवाचून राहिली. सूर्यावर नजर ठेवण्यास भारतानेही २०२३ मध्ये 'आदित्य एल-१' हे यान धाडले.

वाचकहो, दिवाळीला विजेच्या माळा लावताना नऊ कोटी मैलांवरच्या त्या पिळाचीही आठवण असू द्यावी.