वैमानिक व्हायचे? आधी मंदीचा हिशेब मांडा

मुलाला वैमानिक करण्यासाठी दुकान विकावे का? असा विचार करणाऱ्या व्यापारी बांधवांपुढे आम्ही थोडा हिशेब मांडतो.

किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. कारखाना बंद पडला की मुरलेले कारागीर शेजारच्या दारात उभे राहतात. नवशिक्याला कोणी विचारीत नाही. इथेही तसेच होते. हजारो तास विमान चालवलेले लोक मोकळे होतात आणि २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळवलेला मुलगा मागे पडतो.

परवान्याने खर्चही संपत नाही. एअरबस ३२० सारख्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण लागते. त्याला आणखी लाखो रुपये पडतात. नोकरी नसली तरी वैद्यकीय तपासणी वेळोवेळी करावीच लागते.

एअर इंडिया व इंडिगोने २०२३ मध्ये शेकडो विमानांची मागणी नोंदवली हे खरे; पण ती विमाने टप्प्याटप्प्याने येतात.

म्हणून आमचा सल्ला असा: बारावीला भौतिकशास्त्र व गणित असल्यास, फी भरण्यापूर्वी वर्ग एकची वैद्यकीय तपासणी उरकावी. परवान्यानंतर दोन वर्षे बिनपगारी निघतील एवढी शिल्लक ठेवावी. दुकानाचे भांडवल मात्र मोडू नये. नोकरी लांबली तर घर त्यावरच चालायचे आहे.