कनॉट पीक आणि रावढळचे हवालदार

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून, प्रतापगडाच्या बाजूने आपण महाबळेश्वरला जातो. तिथं गाडीवाला एक उंच माथा दाखवून सांगतो, ‘हे कनॉट पीक.’ दिल्लीतही कनॉट प्लेस आहेच. पण हा कनॉट कोण, हे आपण कधी विचारलेलं नसतं. आज ते पाहू. त्याच्यासोबत आपल्या महाड तालुक्यातल्या एका हवालदाराचंही चरित्र पाहू, कारण दोघेही मुंबई इलाख्याच्या लष्करातले.

प्रिन्स आर्थर, म्हणजे ड्यूक ऑफ कनॉट, हा राणी व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा. जन्म 1 मे 1850. वडील प्रिन्स अल्बर्ट जर्मनीतल्या सॅक्स-कोबर्ग-गोथा घराण्यातले. म्हणजे वडिलांकडून हा जर्मन राजपुत्रच. 1879 मध्ये त्याने लग्नही केलं ते प्रशियाच्या राजघराण्यातल्या लुईस मार्गारेटशी.

राजाच्या धाकट्या मुलांना मानाची लष्करी पदं मिळत, ती बहुधा शोभेची. आर्थरचं तसं नव्हतं. सोळाव्या वर्षी तो वुलिचच्या लष्करी अकादमीत दाखल झाला, 1868 मध्ये अधिकारी झाला. 1882 मध्ये इजिप्तमध्ये तेल-एल-कबीरच्या लढाईत त्याने गार्ड्सच्या ब्रिगेडचं नेतृत्व केलं. सैन्य हाच त्याचा पेशा होता. पण बढतीचा वेग पाहा: अठराव्या वर्षी अधिकारी, तिसाव्या वर्षी मेजर जनरल! राजवाड्यातल्या जन्माशिवाय हे झालं असतं का?

1886 च्या अखेरीस तो मुंबई लष्कराचा सरसेनापती झाला आणि 1890 पर्यंत त्या पदावर होता. महाबळेश्वरच्या त्या माथ्याला नाव मिळालं ते याच ड्यूकचं.

पुढे 1899 मध्ये जर्मनीतल्या कोबर्गच्या गादीचा वारसाहक्क त्याच्याकडे येत होता. त्याने तो स्वतःसाठी आणि मुलासाठीही सोडला. गादी गेली पुतण्याकडे, चार्ल्स एडवर्डकडे. पहिल्या महायुद्धात हा पुतण्या जर्मनीच्या बाजूला राहिला आणि त्याच्या ब्रिटिश पदव्या काढून घेतल्या गेल्या. काका मात्र 1902 पासून ब्रिटिश फील्ड मार्शल होता. एकाच घरातले दोघे, पण युद्धात दोन बाजूंना.

आता घाटाखाली येऊ. महाडजवळचं रावढळ हे गोपाळबाबा वलंगकरांचं गाव. आर्थर मुंबई लष्कराचा सरसेनापती झाला त्याच वर्षी, 1886 मध्ये, वलंगकर हवालदार म्हणून निवृत्त झाले. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेला सरळ प्रश्न विचारले.

ड्यूक परत गेल्यावर काही वर्षांतच महारांची सैन्यभरती बंद झाली. ‘लढाऊ जाती’ कोणत्या, हे ठरवणारा विचार तेव्हा सरकारात जोरात होता. कोकणातल्या महार कुटुंबांसाठी फौज म्हणजे पगार, पेन्शन, अक्षरओळख आणि गावकीबाहेरची इज्जत. तो दरवाजा बंद झाला. 1894 मध्ये वलंगकरांनी मुंबई लष्कराच्या सरसेनापतींना उद्देशून विनंतीपत्र तयार केलं. त्यात आधीच्या सेवेचा दाखला होताच, पण आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत, असा युक्तिवादही होता. यातली व्यथा लक्षात घ्या. जन्मावरून नोकरी नाकारली, म्हणून नोकरी मागायलाही जन्माचाच पुरावा द्यावा लागला.

1895 मध्ये वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला सवर्ण सभासद तयार नव्हते.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली गेली. गरज संपली, 1921 मध्ये ती मोडली. आणि त्याच 1921 च्या 10 फेब्रुवारीला दिल्लीत भारतीय सैनिकांच्या स्मारकाची, म्हणजे आजच्या इंडिया गेटची, कोनशिला बसवली ती याच ड्यूक ऑफ कनॉटने.

सहा वर्षांनी, मार्च 1927 मध्ये, महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी या भरतीबंदीचा विषय काढला. त्या वेळी फौजेतून परतलेले पेन्शनर बाबासाहेबांसोबत होते. चवदार तळ्याच्या पाण्याकडे जाणाऱ्या वाटेत लष्करातली ती शिस्तही होती.

महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ऑक्टोबर 1941 मध्ये, बेळगावला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 16 जानेवारी 1942 ला, ड्यूक 91 व्या वर्षी वारला. वलंगकर 1900 मध्येच गेले होते. त्यांना हे पाहायला मिळालं नाही.

ड्यूक वाईट सैनिक होता असं आम्ही म्हणत नाही. त्याने खरी नोकरी केली. पण त्याला ती जन्माने सोपी झाली, आणि वलंगकरांच्या मुलाबाळांना जन्मानेच बंद झाली. पुढच्या वेळी घाट चढून कनॉट पीक पाहाल, तेव्हा खाली रावढळच्या दिशेलाही एकदा नजर टाका.