जखम पायाला, थकवा हृदयाला

शेतात पायात काटा मोडतो. आपण तो काढतो आणि कामाला लागतो. दोन दिवसांनी पाय ठणकू लागतो. जागा लाल होते, सुजते, गरम लागते. जांघेत अवधाण येते. याला दाह म्हणतात. दाह काही वाईटच असे नाही. जखमेतून जंतू आत शिरले आणि शरीर त्यांच्याशी झुंजते आहे, त्याची ती खूण.

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर बारीक पेशींचे. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या आपल्या राखणदार. जंतू आले की त्या रक्तात काही रसायने सोडतात. तो त्यांचा सांगावा, ‘धावा, इथे शत्रू आहे!’ सांगावा जखमेपुरता राहिला तर जखम बरी होते. पण कधी कधी तो आवरत नाही. रक्तातून अंगभर जातो. मग राखणदारांचा मार घरच्यांनाच बसतो. याला डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात. न्यूमोनियातून, लघवीच्या मार्गातल्या जंतूंमुळे, बाळंतपणानंतरही तो होतो. २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख माणसे सेप्सिसने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता हृदयाकडे येऊ. हृदय म्हणजे मुठीएवढा मांसाचा पंप. त्याच्या पेशी आखडतात आणि सैल होतात, तोच ठोका. आखडायला पेशीला कॅल्शियम लागते. आपण पानाला चुना लावतो ना, त्यातही ते असते. दर ठोक्याला ते पेशीत उसळते आणि ओसरते. शिवाय शक्ती लागते. ती देणाऱ्या बारीक चुली पेशीतच असतात. दाहाने हे दोन्ही बिघडते. कॅल्शियमचा इशारा पेशीला नीट लागू पडत नाही. चुलीला जळण असते, प्राणवायू असतो, पण ती नुसती धुमसते. हृदय ढिले पडते, फुगते. रक्तवाहिन्याही सैलावतात, रक्तदाब उतरतो. नाडी मात्र पळत असते. बैल जोरात हाकावेत आणि मोट अर्धीच भरून यावी, तसे होते.

१९८५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रोग्यांच्या रक्तातला पातळ भाग उंदराच्या हृदयाच्या जिवंत पेशींवर घातला. पेशींचे आखडणे मंदावले. दोष रक्तातूनच येतो, हे दिसले.

म्हणून जखम किंवा ताप असलेल्या माणसाला धाप लागली, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तो बरळू लागला, तर रातोरात दवाखाना गाठावा. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत बसू नये. दवाखान्यात जंतू मारणारे औषध शिरेतून देतात, सलाईन लावतात, पू साठला असेल तर काढतात. इथे एकेक तास मोलाचा असतो.

आणि एक दिलाशाची गोष्ट आहे. हृदयाच्या या पेशी बहुतेक मरत नाहीत, बधिर होतात. १९८४ साली अमेरिकेतच अशा २० अत्यवस्थ रोग्यांची हृदये तपासली. निरोगी हृदयाची मोठी पोकळी दर ठोक्याला आपल्यातले निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलते. २० पैकी १३ जण वाचले. त्यांतल्या १० जणांचे हृदय सुरुवातीला शंभरातले ४० भागही ढकलत नव्हते. दहा दिवसांत ते पुन्हा पूर्वीसारखे चालू लागले, आणि फुगलेली पोकळीही आपल्या मापाला आली.