चाक हवेत फिरतं तेव्हा

जुन्या आणि नव्या फोर बाय फोर गाड्यांवर लिहा, पण शोरूममध्ये जाऊ नका, असं संपादकांनी बजावलं होतं. नाशिककराला हे काम अवघड नाही. थार आमच्याच गावात बनते, आणि त्र्यंबक रस्त्याला आतल्या बाजूला एक गॅरेज आहे, तिथे १९८०-९०च्या दशकांतल्या जीपांशेजारी गेल्या वर्षीची थारही रांगेत असते.

इतिहास थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप साठ हॉर्सपॉवरची आणि वजनाने अकराशे किलोच्या आसपास. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी ती मुंबईत माझगावला जोडायला घेतली. तिच्याच वंशातली उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९६८मध्ये बंद झाली. त्या घराण्यातल्या गाड्या आपल्याकडे मात्र २०१०पर्यंत निघत राहिल्या. त्याच वर्षी पहिली थार आली, २०२०मध्ये दुसरी. मारुतीची जिप्सी १९८५ची, तिची वारस जिम्नी २०२३ची. एवढं कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं. गॅरेजमधल्या मामांनी जे दाखवलं ते सापडत नाही.

एक एमएम ५४० जीप मागून जॅकवर चढवलेली होती, मागची दोन्ही चाकं अधांतरी. गाडी गिअरमध्ये टाकून मामांनी डावं चाक हाताने पुढे फिरवलं. उजवं आपोआप मागे फिरलं. "ताई, सगळी भानगड इथेच आहे," असं म्हणत त्यांनी मागच्या एक्सलवरच्या लोखंडी फुगवट्यावर पान्याने टकटक केलं. आत डिफरन्शियल असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणं हे त्याचं काम. डांबरी रस्त्यावर ते चोख चालतं. चिखलात तोच दगा देतो, कारण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच वाटतो. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला जवळपास काहीच जोर लागत नाही. मग जमीन धरून बसलेल्या दुसऱ्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच येतो. म्हणून फोर बाय फोर लावलेली जुनी जीपसुद्धा पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की नुसती गुरगुरत उभी राहते.

नव्या गाड्यांनी यावर दोन उपाय काढले. २०१५च्या थारपासून मागच्या डिफरन्शियलमध्ये यांत्रिक लॉक मिळू लागलं. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आतलं छोटंसं वजन बाहेर फेकलं जातं, खटका अडकतो आणि दोन्ही चाकं एकत्र फिरू लागतात. त्याचा खट्ट असा आवाज आला की मामा अजूनही खूश होतात. दुसरा उपाय संगणकाचा: जे चाक रिकामं फिरतंय त्यालाच ब्रेक लावायचा, म्हणजे विरोध वाढून जोर पलीकडच्या चाकाकडे जातो. जिम्नीची सगळी भिस्त यावर आहे. हुशार युक्ती आहे, पण तिच्यासाठी आधी चाक घसरावं लागतं. नवखा ड्रायव्हर चाक घसरताच घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो, आणि मदत येतेय तोवर गाडी बसलेली असते. पाय तसाच ठेवायचा, हे मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवतात.

सगळं नवं ते सरस, असं मात्र नाही. जुन्या जीपला पुढेमागे अखंड एक्सल; एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं. स्प्रिंगचे पाटे ताठ असल्याने हा फायदा पुरता मिळत नाही, ते सोडा. थारची पुढची चाकं स्वतंत्र लटकतात, रस्त्यावर आराम देतात आणि खडकाळ चढावर लवकर हवेत जातात. जिम्नीने अखंड एक्सल ठेवला आणि त्याला कॉइल स्प्रिंग दिल्या. मला विचाराल तर या सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच. टायरांचंही तसंच. विलिसचे अरुंद टायर बैलगाडीच्या धावेसारखे चिखल कापून खालच्या कडक थरापर्यंत पोचत. थारचे रुंद टायर वाळूत तरतात, पण आमच्या काळ्या मातीत त्यांच्या खाचा भरल्या की चाकाचा नुसता गुळगुळीत गोळा होतो.

काळजीची गोष्ट पुढेच आहे. "जीप अडकते ती रस्त्यापासून दोनशे फुटांवर. थार अडकते दोन किलोमीटर आत," मामा म्हणाले. आणि अडकते ती पावणेदोन टनांच्या घरातली गाडी. कंपनी साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाण्याची ग्वाही देते. लोक तो आकडा वाहत्या ओढ्याला लावतात. कोकणच्या किनाऱ्यावर रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या सुट्ट्यांत ठरलेल्या. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत कासवं अंडी घालतात, तिथे चाक फिरवायला कुठलंही लॉक असलं तरी परवानगी का असावी?

जुन्यांचं दुखणं वेगळं. ओढ्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक ओले होऊन लागत नाहीत, स्टिअरिंगमध्ये ढिलाई, आणि हौसेने इंजिन बदललेलं असेल तर कागदपत्रांचा घोळ. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या आधारे स्पष्ट केलं. तेव्हापासून मामा गाडी उंच करायची कामं घेत नाहीत.

मी निघताना एक तरुण थार घेऊन आला. त्याला मोठे टायर आणि चार इंच उंची हवी होती. मामांनी नकार देऊन त्याच्यापुढे हवा मोजायचं मीटर आणि छोटा कंप्रेसर ठेवला. तो हिरमुसला. मग त्याने विचारलं, वाळूत हवा किती ठेवायची?

"अठरा. आणि डांबरी लागायच्या आधी परत भर, नाहीतर टायर रिममधून सुटेल."