नायगावच्या मोराचा हिशेब

जंगलाचे आकडे ऐकायचे तर लोक आंबोलीचं नाव काढतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, झाडांवर शेवाळं, शेवाळात बेडूक. बीडच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा, तोही पावसाची लहर लागली तर. जिल्हा 10,693 चौरस किलोमीटरचा आणि पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य 29.89 चौरस किलोमीटरचं. जिल्हा शंभर एकरांचं शेत धरलं, तर हे साधारण अकरा गुंठे.

1994 मध्ये ते जाहीर झालं. बालाघाटाचे डोंगर, बोरी-बाभळी, खुरटं रान. इथला चक्रावून टाकणारा हिशेब रानात नाही, मोराच्या पाठीवर आहे.

पाठीवरच म्हणायचं, कारण पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. शेपूट आखूड असतं आणि पिसाऱ्याला मागून टेकू देतं. दीडशे-दोनशे पिसं, त्यातली लांबलचक दीड मीटरपर्यंत. नाचताना मोर ती थरथरवतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यानं मोजलं, तेव्हा भरलं सेकंदाला सुमारे 25 वेळा! पाच मिनिटं थरथरला तर साडेसात हजार हेलकावे. आणि एवढ्या थरथराटात पिसांवरचे डोळे मात्र जवळजवळ जागच्या जागी. लांडोर बघत राहते ती उगाच नाही.

रंगाचं प्रकरण तर याहून अचाट. त्या निळ्या-हिरव्यात निळं-हिरवं रंगद्रव्य नाहीच. आहे ते मेलॅनिन, आपले केस काळे करणारं. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या पिसाच्या तंतूंत जाळीसारख्या रचलेल्या असतात, दोन कांड्यांत साधारण 150 नॅनोमीटरचं अंतर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा पाचशे कांड्या ओळीनं मावतील. हे अंतर दहा-पंधरा नॅनोमीटरनं वाढलं की निळ्याचा हिरवा होतो, हिरव्याचा पिवळा. पैठणीच्या पदरावर मोर काढायला विणकराला रंगीत रेशीम लागतं; खरा मोर एका काळ्यावर सगळं भागवतो.

आणि एवढा संसार दरवर्षी गळून पडतो. पावसाळा सरता सरता पिसं झडतात, मग पुन्हा पहिल्यापासून. नायगावला जायचं तर ज्येष्ठ-आषाढात, भल्या पहाटे जा. दसऱ्याला गेलात, तर भुंडा मोर बघून परत याल.