‘ऊद’ लिहिलेली बाटली : पारखावी कशी, लावावी कशी

गेल्या काही वर्षांत आपल्या बाजारात ‘ऊद’ या शब्दाला फार भाव आला आहे. ईदच्या हंगामात शंभर रुपयांच्या लहान शिशीपासून हजारो रुपयांच्या परदेशी स्प्रेपर्यंत सगळ्या मालावर हे एकच नाव छापलेले दिसते. गिऱ्हाईक नाव वाचून पैसे देते, घरी जाऊन लावते आणि मग एक तर ‘वास फार उग्र आहे’ म्हणते, नाही तर ‘तासाभरात उडून गेला’ म्हणते. दोन्ही वेळा नाव खराब होते ते दुकानदाराचे. म्हणून हा माल मुळात काय आहे, त्याचा मिजाज कसा आहे आणि आपल्या हवेत व आपल्या कपड्यांवर तो कसा वापरावा, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असणे जरुरीचे आहे.

नाव एक, माल तीन

प्रथम नावाचा घोळ दूर करू. आपल्याकडे धूर करण्यासाठी ‘ऊद’ म्हणून जो जिन्नस मिळतो तो बहुधा लोबानाच्या जातीचा, म्हणजे झाडाचा डिंक असतो. अरब लोक ज्याला ऊद म्हणतात तो डिंक नव्हे, ते लाकूड होय. आपल्या देशात त्याला अगर किंवा अगरु म्हणतात. ‘उदबत्ती’ आणि ‘अगरबत्ती’ या दोन्ही शब्दांत याच लाकडाचे नाव आहे. तिसरा माल म्हणजे अनेक सुगंधी द्रव्ये एकत्र करून बनवलेला, ऊदसारखा वास देणारा परफ्यूम. आज बाटलीत बहुतेक वेळा मिळतो तो हा तिसरा.

अगरचे झाड आसाम, त्रिपुरा आणि ईशान्येच्या इतर भागांत होते. निरोगी झाडाचे लाकूड फिकट असते आणि त्याला म्हणण्यासारखा वास नसतो. खोडाला अळी भोके पाडते, त्या जखमेत बुरशी शिरते, आणि तिच्याशी झुंजताना झाड काळपट, तेलकट राळ तयार करते. तीच खरी खुशबू. प्रत्येक झाडात ती होत नाही आणि सारखी होत नाही, म्हणून किंमत चढते. हे लाकूड बारीक करून पाण्यात बरेच दिवस भिजवतात आणि मग भट्टीवर अर्क काढतात. अरब त्या तेलाला ‘दहन अल ऊद’ म्हणतात. आसामातील होजाई हे या व्यापाराचे जुने ठिकाण. तेथील हाजी अजमल अली यांनी १९५०च्या दशकात मुंबईत येऊन या धंद्याचा पाया घातला, आणि मुंबईमार्गे आखाताशी असलेले हे नाते आजही टिकून आहे.

जंगलतोडीमुळे १९९५ पासून अगरचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला. एप्रिल २०२४ पासून भारताचा निर्यात कोटा वाढवून लाकडाचे तुकडे व भुकटी यांसाठी वर्षाला १,५१,०८० किलो आणि तेलासाठी ७,०५० किलो ठरला. हा आकडा निर्यातीचा आहे, देशातल्या विक्रीचा नव्हे. तरीही हिशोब करून पाहा : वाढवलेला कोटासुद्धा तेलाचा सात टन, आणि ‘ऊद’ छापलेल्या बाटल्या गल्लोगल्ली. प्रत्येक बाटलीत खरे तेल असणे शक्यच नाही.

खऱ्या तेलाचा आणि परदेशी स्प्रेचा मिजाज

भारतीय ऊदचे तेल लावताच पहिला वास गोड नसतो. कच्चे चामडे, गुरांचा गोठा, धूर असा तो भपकारा असतो. लाकूड पाण्यात मुरवल्याचा हा परिणाम आहे. नवखा माणूस येथेच नाक मुरडतो. अर्ध्या-एक तासाने हा भाग बसतो आणि खाली दबलेला गोडसर, उबदार लाकडी वास वर येतो. अरब ग्राहक किंमत देतो ती या दुसऱ्या भागाची.

युरोप-अमेरिकेच्या बाजाराला पहिला भाग नको होता. इव्ह सेंट लॉरेंटचा ‘एम सेव्हन’ २००२ मध्ये आणि टॉम फोर्डचा ‘ऊद वुड’ २००७ मध्ये आला, आणि तिकडे ऊदची चाल सुरू झाली. ‘ऊद वुड’ हा या नव्या मिजाजाचा चांगला नमुना आहे. सुरुवातीला वेलदोडा आणि मिरीचा हलका तिखटपणा, मग शिसवी-चंदनासारखे गुळगुळीत लाकूड, त्यात वाळ्याचा कोरडेपणा, आणि शेवटी व्हॅनिलाची किंचित गोडी. गोठ्याचा वास नाही, धुराचा त्रास नाही. कचेरीत, प्रवासात, चार माणसांत बसण्याजोगा आहे. परंतु दहन अल ऊदची सवय असलेल्या माणसाला तो पातळ वाटेल, कारण तो अंगाजवळ राहतो, खोली भरत नाही. याला खोट म्हणू नये. मलमल आणि चादर यांचे काम वेगळे असते, तसेच हे आहे.

आमच्या कापडाच्या धंद्यात ताग्यावर ‘कॉटन’ शिक्का असला तरी आम्ही दोन धागे ओढून जाळून पाहतो. सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. खुशबूची अशी पारख आगीने नाही, वेळाने होते. पहिल्या पाच मिनिटांत जो वास येतो तो सर्वांत लवकर उडणाऱ्या द्रव्यांचा असतो. लाकडाचा भाग तासांनी कळतो. दुकानातल्या कागदी पट्टीवर सौदा पक्का करू नये. मनगटावर लावून बाजारातली बाकीची कामे उरकावीत आणि तीन तासांनी पुन्हा वास घ्यावा. आणखी एक गोष्ट : आपले नाक सततच्या वासाला सरावते. ‘उडून गेला’ म्हणण्याआधी शेजारच्या माणसाला विचारावे.

हवा आणि कपडा

उष्णतेने वास लवकर आणि जोरात पसरतो. मुंबई-कोकणच्या दमट उन्हाळ्यात जड ऊद गुदमरवतो. तेथे दिवसा हलका लाकडी स्प्रे आणि दहन अल ऊद रात्री किंवा थंडीत, हा कायदा ठेवावा. मालेगाव, औरंगाबादकडच्या कोरड्या थंडीत तेच तेल शोभून दिसते. प्रमाण थोडे असावे. तेल असेल तर काडीचे एक टोक पुरे, स्प्रे असेल तर दोन फवारे. बंद कारखान्यात, बसमध्ये किंवा नमाजच्या सफमध्ये शेजाऱ्याला त्रास होईल इतके लावणे बरे नव्हे.

कपड्याबाबत मी अधिकाराने सांगू शकतो. अगरचे तेल गडद असते. पांढऱ्या कुर्त्यावर थेंब पडला की पिवळा-तपकिरी डाग राहतो. रेशमावर तर तेलही लावू नये आणि स्प्रेही जवळून मारू नये. तेल कानामागे, मनगटावर, म्हणजे कातडीवर लावावे. सुती कपडा लाकडी वास दुसऱ्या दिवसापर्यंत धरतो आणि धुतला की सोडतो. पॉलिएस्टर तेलकट वास धरून बसतो. त्यावर कालचा घाम आणि आजचा ऊद एकत्र झाले की चांगला मालही वाईट वाटतो. कपड्यालाच खुशबू द्यायची असेल तर आखातातील रीत उत्तम : निखाऱ्यावर बखूर ठेवून त्याच्या धुरावर कपडा थोडा वेळ धरावा. डाग पडत नाही, वास तंतूंत बसतो.

दुकानदारांसाठी

गिऱ्हाइकाला तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात : आत अगरचे तेल आहे की ऊदच्या वासाचे मिश्रण आहे, आधार तेलाचा आहे की अल्कोहोलचा, आणि माल कोणत्या हवेसाठी योग्य आहे. मिश्रण विकण्यात काही कमीपणा नाही. चांगले मिश्रण हे कारागिरीचेच काम आहे. मात्र ते मिश्रण म्हणून विकावे आणि त्याचाच भाव घ्यावा. ‘अस्सल’ म्हणून विकायचे असेल तर तेल कोठून घेतले त्याचे बिल जवळ असावे. निर्यातीचा विचार करणाऱ्यांनी परवान्याचे कागद आधी पुरे करावेत, माल नंतर बांधावा.

मोठ्या बाटलीऐवजी पाव तोळ्याची, म्हणजे साधारण तीन ग्रॅमची शिशी आधी द्यावी. ती आठ-दहा दिवस वापरून जो माणूस परत येतो, त्याला मग काही समजावून सांगावे लागत नाही.