रोमन सैन्याचे इतिहासलेखन : साधने, वाचन आणि प्रकाशन

प्रस्तावना :
प्राचीन रोमन सैन्याचे वर्णन करताना ते शतकानुशतके एकाच स्वरूपात टिकून होते, असे अनेकदा गृहीत धरले जाते. या गृहीतकाचे मूळ साधनांच्या वापरात आहे. प्रस्तुत लेखात ही साधने कोणती, ती कशी वाचावीत आणि प्रकाशित करताना कोणते पथ्य पाळले जाते, याचे विवेचन केले आहे.

वाङ्मयीन साधने :
पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. २ ऱ्या शतकात आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात सैन्यभरती, छावणीची आखणी व शिस्त यांचे वर्णन केले. व्हेजिशियसचा युद्धशास्त्रावरील ग्रंथ त्यानंतर पाच शतकांहून अधिक काळाने लिहिला गेला. जुन्या सैन्यव्यवस्थेचे पुनरुज्जीवन व्हावे, हा त्याचा हेतू होता. त्यासाठी त्याने वेगवेगळ्या काळांतील माहिती एकत्र केली. या दोघांची विधाने काळाचे भान न ठेवता एकत्र गुंफली, तर प्रत्यक्षात कधीही अस्तित्वात नसलेले सैन्य कागदावर उभे राहते.

दप्तरी साधने :
उत्तर इंग्लंडमधील विंदोलांडा या ठाण्याच्या उत्खननात १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्टिका सापडू लागल्या. त्यांपैकी एका पट्टिकेवर तुंग्रियन सैनिकांच्या पहिल्या सहायक पलटणीचा संख्या-अहवाल आहे. तो इ.स. १२२ मध्ये सुरू झालेल्या हेड्रियनच्या भिंतीच्याही आधीचा आहे. पलटणीत एकूण ७५२ सैनिक असून त्यांपैकी ४५६ इतरत्र कामगिरीवर होते. ठाण्यावरील २९६ पैकी १५ आजारी, ६ जखमी आणि १० नेत्रविकाराने त्रस्त होते. म्हणजे कामास सक्षम केवळ २६५. लष्करी ग्रंथांतील आदर्श रचना आणि ठाण्यावरील वास्तव यांतील अंतर या आकड्यांवरून स्पष्ट होते. तथापि हा एका पलटणीचा, एका दिवसाचा अहवाल आहे. त्यावरून संपूर्ण साम्राज्याविषयी सरसकट अनुमान काढणे योग्य ठरणार नाही.

प्रकाशनाची शिस्त :
अशा पट्टिकांवरील शाई पुसट झालेली असते. म्हणून अवरक्त छायाचित्रांच्या साहाय्याने अक्षरे वाचली जातात. १९३१ मध्ये लायडन येथे निश्चित झालेल्या संकेतांनुसार नष्ट झालेली, परंतु संपादकाने अनुमानाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात दिली जातात, तर संदिग्ध अक्षरांखाली टिंब दिले जाते. दुय्यम ग्रंथांत अवतरण घेताना ही चिन्हे गळाली, तर संपादकाचे अनुमान मूळ पुरावा म्हणून रूढ होते. यास्तव संशोधकाने मूळ संपादित आवृत्ती पाहणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
१. वाङ्मयीन साधनांतील विधान त्याच्या काळाशी व लेखकाच्या हेतूशी जोडूनच वापरावे.
२. दप्तरी साधनांचे मोल मोठे असले, तरी त्यांची व्याप्ती मर्यादित असते.
३. पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते, हे वाचकास दिसेल अशा रीतीनेच इतिहास प्रकाशित व्हावा. अन्यथा पुढील संशोधकास तो तपासून पाहता येत नाही.